आठ माणसांची विरळ वस्ती

जयराम टर्नर होता. सातपूरच्या एका कारखान्यात लेथसमोर उभं राहून त्याने अख्खी नोकरी काढली. लेथवर बसून काम होत नाही. निवृत्त झाला तेव्हा त्याच्या पोटऱ्यांच्या शिरा दोरीसारख्या वर आलेल्या होत्या आणि उजवा कान गेलेला होता. मी सळया बांधणारा. बांधकामावर आम्हाला फिटर म्हणतात. रिंगा वाकवायच्या, सळई उभी करायची, तारेने गाठ मारायची. पाठ वाकवून करायचं काम आहे. जयरामच्या घरातलं लोखंड माझ्या हातचं. ओळख तिथून झाली, ती टिकली.

आमची कॉलनी इंदिरानगरच्या पुढे, मोठा रस्ता सोडून आत आहे. एका शेतकऱ्याने शेताचे तुकडे पाडून विकले आणि कंपन्यांमधल्या कामगारांनी घेतले. बौद्ध घरं जास्त. सायखेड्याकडून आलेली आमच्यासारखी चार-दोन. जयरामचा तुकडा वीस फूट रुंद. त्यात कडेने जागा सोडली तर राहायचं कुठे, म्हणून त्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधलं. सगळ्यांनीच तसं बांधलं. पुढे सरकारने अशी घरं दंड घेऊन नियमित केली, त्यात त्याचंही झालं. दोन खोल्या, मागे मोरी आणि संडास, वर स्लॅब.

स्लॅबवर सहा कॉलमच्या सळया कमरेइतक्या उंच सोडलेल्या होत्या. आमच्या कॉलनीत कुठल्याही गच्चीवर हे दिसेल. मुलगा मोठा झाला की सळया वाढवायच्या आणि मजला चढवायचा, या हिशोबाने सोडतात. जयरामला दोन मुलगे. धम्मपाल खाली राहील, अश्विन वर राहील, असं स्लॅब ओतला त्या दिवशीच त्याने बायकोला, यशोदाबाईंना सांगितलं होतं. अश्विन तेव्हा पाळण्यात होता.

धम्मपालचं लग्न झालं. स्नेहा आली. त्यांना तीन मुलं झाली. पुढच्या खोलीत जयराम, यशोदाबाई, अश्विन आणि मोठा नातू झोपायचे. आतल्या खोलीत बाकीचे चौघे, आणि स्वयंपाकाचा ओटाही तिथेच. आठ माणसं. कोणी भांडत नव्हतं असं नाही, पण भांडायलाही जागा लागते, म्हणून भांडण लवकर मिटायचं.

अश्विन डिप्लोमा करून गोंदे गावच्या एका कंपनीत लागला. त्याचं लग्न रोहिणीशी ठरलं. ती घोटीला एका दवाखान्यात नर्स. तिचे वडील शाळामास्तर, सरळ माणूस. त्यांनी दोन्ही खोल्या पाहिल्या, चहा घेतला आणि जयरामला म्हणाले, "मला काही नको. फक्त पोरीला एक खोली पाहिजे. दार लावता येईल अशी."

"वर बांधतो," जयराम म्हणाला. "लग्नाआधी. माझा शब्द."

त्या दिवसापासून जयरामचं दुसरं काही चाललं नाही. खोली झाली तर अश्विन घरात राहणार होता. नाही तर जाणार होता. जयरामने हे कधी बोलून दाखवलं नाही, पण घरात सगळ्यांना माहीत होतं.

त्याने मला गच्चीवर बोलावलं. सळया बघ म्हणाला. खालून त्या गोणपाट आणि प्लास्टिकने बांधलेल्या दिसायच्या. स्लॅब ओतल्यापासून मी वर गेलो नव्हतो. त्याने एक गाठोडं सोडलं. आत सळई काळी, गुळगुळीत. बोट लावलं तर बोट काळं झालं.

"हे काय केलंस?"

"काय केलं? एक ठिपका गंज दाखव."

"गंज नाय रे. तेल आहे."

"मग? दर मे महिन्यात लावतो. कंपनीतलं जळकं ऑईल. लेथच्या बेडला आम्ही तेच लावायचो."

"लेथच्या बेडवर काँक्रीट ओतायचे का?"

मी म्हणालो, "साबणाच्या हाताने कोणाचा हात धरून बघ. काँक्रीट तेलकट सळईला तसंच धरतं."

"म्हणजे धरणारच नाही?"

"साफ केलं तर धरेल. लय काम आहे."

"काम मी करतो. तू फक्त झालं का नाही ते सांग."

वर्षानुवर्षं दिलेलं तेल उन्हाने भाजून सळईच्या धारीधारीत बसलं होतं. नुसतं पुसून जाणारं नव्हतं. आधी डिझेलचा बोळा, मग उकळत्या पाण्यात कपड्याचा सोडा, मग तारेचा ब्रश, मग ओल्या वाळूने घासायचं. सळई खाली स्लॅबमध्ये शिरते तिथे ब्रश पोचत नाही. तिथे त्याने तागाच्या पोत्याची सुतळी गुंडाळून दोन्ही हातांनी मागेपुढे ओढली, जसं ताक घुसळतात. सकाळी ऊन चढेपर्यंत आणि पुन्हा ऊन कलल्यावर. स्नेहा उकळतं पाणी जिन्यावर आणून द्यायची आणि म्हणायची, "बाबा, एवढं घासून माझी कढई दिली असती तर आरसा झाला असता."

अश्विन मदतीला आला तर त्याला हाकललं. "तू कंपनीत जा."

त्याच्या तळहाताची साल गेली. मी रोज संध्याकाळी जाऊन सळईवर पाणी टाकून बघायचो. पाण्याचे थेंब गोळा झाले की तेल बाकी आहे. पाणी पसरलं की साफ. दोन कॉलमचं काम मी पुन्हा करायला लावलं. त्याने केलं. शेवटी सहाही कॉलमवर पाणी नीट पसरलं. मी म्हणालो, झालं. तो तिथेच टाकीच्या सावलीत बसला आणि म्हणाला, "आता परवानगी."

परवानगीशिवाय बांधायचा विचार त्याच्या डोक्यात नव्हता. एक तर बँक मंजूर नकाशा पाहिल्याशिवाय कर्ज देत नव्हती. आणि शेजारच्या लंकाबाईने वर पत्र्याची खोली अशीच चढवलेली होती, ती त्याला म्हणाली होती, "जयरामभाऊ, मला कोणी विचारलं का? पत्रे टाका आणि झोपा निवांत." त्यावर तो म्हणाला, "उद्या कोणी येऊन ते पत्रे काढले तर मी मास्तरांना काय तोंड दाखवू?"

नगररचनेच्या ऑफिसात मी त्याच्यासोबत गेलो. त्याचा एक कान नाही म्हणून मला नेलं. तिथे एक तरुण इंजिनियर मॅडम होत्या. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या. सर्व्हे नंबर विचारला आणि कॉम्प्युटरवर नकाशा उघडला. कॉलनीच्या तोंडाचा रस्ता त्यांनी आम्हाला दाखवला.

"या रस्त्याच्या पलीकडे गावठाण. ते दाट वस्तीच्या क्षेत्रात येतं. तिथे भिंतीला भिंत लावून बांधलं तरी चालतं. तुम्ही अलीकडे आहात. अलीकडचं सगळं विरळ वस्तीत आहे."

"विरळ?" जयरामने मला विचारलं. त्याला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी त्याच्या चांगल्या कानात पुन्हा सांगितलं.

"मॅडम," तो म्हणाला, "दोन खोल्यांत आठ माणसं आहोत आम्ही."

"काका, घरातली माणसं यात धरत नाहीत. क्षेत्र धरतात. विरळ क्षेत्रात नवीन बांधकाम करताना दोन्ही बाजूंना जागा सोडावी लागते. तुमचा खालचा मजला नियमित झाला, तो जसा आहे तसा राहील. पण वरचा मजला नवीन. त्याला नियम लागणार."

"किती सोडायची?"

"तुमच्या प्लॉटला इकडून पाच फूट, तिकडून पाच फूट."

त्यांनी एका कागदावर चौकोन काढला आणि त्याच्या आत मधोमध एक अरुंद चौकोन. वीस फुटांत दहा फूट. मी तो कागद पाहिला आणि मला लगेच कळलं. सहाही कॉलम घराच्या कडेला आहेत. मधल्या दहा फुटांत एकही येत नाही. ज्या सळया त्याने घासल्या त्या सगळ्या सोडायच्या जागेत उभ्या होत्या.

जयरामला कळायला थोडा वेळ लागला. मग त्याने विचारलं, "मोठ्या रस्त्याला बारा मजले उभे आहेत. तेही विरळच का?"

"हो. पण तो प्लॉट मोठा आहे. चारी बाजूंनी जागा सोडतात आणि मग वर जातात. तुमचे सहा-सात प्लॉट एकत्र आले तर तुम्हालाही बरंच मिळेल."

"सहा-सात घरांना मला उठवायचं नाही. मला एक खोली पाहिजे."

"मग मधोमध बांधा. तेवढी परवानगी मी देऊ शकते. तुम्हाला उगाच आशा लावून फेऱ्या मारायला लावणार नाही, काका. बाजूला धरून बांधलेलं मंजूर होणार नाही."

बाई खरं बोलल्या. कोणावर राग काढावा असं तिथे काही नव्हतं. आम्ही रिक्षाने परतलो. कॉलनीच्या तोंडाशी उतरल्यावर जयरामने रस्त्याच्या दोन्ही बाजू पाहिल्या. पलीकडे गावठाणात कुलकर्ण्यांच्या जुन्या घरात दोनच म्हातारी माणसं राहतात.

"आपण विरळ आहोत, गेणू," तो म्हणाला. "स्नेहाला सांगतो. तिला बरं वाटेल."

मधोमध बांधायचं तर नवे खांब लागणार होते. जुन्या बीममध्ये मधेच चढवलेली भिंत पेलायची ताकद नव्हती, ते मीच बांधलेलं असल्यामुळे मला सांगता येत होतं. खांब जमिनीतून घ्यायचे, खालच्या खोल्यांतून वर न्यायचे, स्लॅब फोडून बाहेर काढायचे. चार खांब. दोन पुढच्या खोलीत, दोन आतल्या. मी खडूने फरशीवर त्यांच्या जागा आखल्या. सगळे उभे राहून बघत होते. धाकटी नात एका चौकोनात जाऊन उभी राहिली.

"मावेल," जयराम म्हणाला.

धम्मपाल म्हणाला, "बाबा, खडूचं सगळंच मावतं."

धम्मपाल कमी बोलणारा. रंगकाम करतो, परांचीवर उभं राहून दिवसभर छत घासतो आणि घरी येऊन आडवा होतो. जयरामला ते लागलं. तो म्हणाला, "मग उभे करून बघू. खांब आल्यावर कुरकुर नको. आधीच राहून बघू."

बांबू माझ्या ओळखीच्या सेंट्रिंगवाल्याकडून आणले. एकेका खांबाला चार बांबू, मधे लाकडाचे तुकडे घालून खांबाच्या जाडीचे केले, तारेने आवळले, वरून गोणपाट गुंडाळलं. जमीन आणि स्लॅब यांच्यात पाचर मारून पक्के बसवले. हलवून पाहिले, हलत नव्हते. जयरामने प्रत्येकाचं माप घेतलं. अर्धा इंच इकडेतिकडे होता तो सरळ करून घेतला. लेथवरचा माणूस, त्याला अर्धा इंच म्हणजे मैल.

मग ते त्यात राहू लागले.

कपाटाचं एक दार उघडेना. लंकाबाई बघायला आली आणि म्हणाली, "देऊळ बांधताय का विहार?" पुढच्या खोलीत जयराम आणि मोठा नातू यांच्या मधे एक खांब आला, तर नातू त्याला पाय लावून झोपायला शिकला. आतल्या खोलीतला एक खांब ओट्यापासून हातभर अंतरावर. स्नेहा म्हणायची, "बाबा, हा माझ्यासमोरच उभा आहे. याच्याशी बोलत पोळ्या करते. तुमच्या मुलापेक्षा बरा ऐकतो." धम्मपालला पाय लांब करता येईनात. तो मोरीच्या दिशेने डोकं करून झोपू लागला. एकदा कामावरून येऊन त्याने बापाला विचारलं, "वर दोघांनी नीट झोपावं म्हणून खाली सात जणांनी असं झोपायचं?"

"सवय होते," जयराम म्हणाला.

"कशाची होत नाही?"

"तुझ्या भावाला घरातून काढू का?"

"मी तसं म्हटलं का?"

अश्विन तिथेच जेवत होता. तो मान खाली घालून जेवत राहिला. नंतर मला बाहेर ओट्यावर म्हणाला, "काका, मी सांगितलं बाबांना. घोटीला खोली बघतो. रोहिणीचा दवाखाना तिथेच, माझी कंपनी रस्त्यात. ते ऐकत नाहीत. म्हणतात, मी शब्द दिला."

"मास्तरांना?"

"मास्तरांना दार पाहिजे, ते कुठलंही चालेल. बाबांनी शब्द स्वतःलाच दिलाय."

मी जयरामशी बोललो. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "आईबापाच्या घरात एकालाच जागा आणि दुसऱ्याला भाडं. का? त्याने काय केलं? पाळण्यात होता तेव्हा जागा ठेवली मी त्याची." मग त्याने पुढच्या खोलीतल्या खांबावर हात ठेवला, गोणपाट सैल झालं होतं ते नीट खोचलं.

आमच्याकडे पाणी पहाटे येतं. भरायचं काम यशोदाबाईंचं, कारण झोप त्यांनाच कमी. डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन लग्नानंतर करू म्हणून ठेवलेलं. घरातली वाट त्यांच्या पायांना पाठ होती. कोण कुठे झोपतं, कुठे पाऊल टाकायचं, दिवा न लावता जायच्या. त्या दिवशी भरलेली कळशी कडेवर घेऊन त्या येत होत्या. नातवाचा पाय वाटेत आला. त्याच्या पायावर पाय पडू नये म्हणून त्यांनी बाजूला पाऊल टाकलं. तिथे पूर्वी मोकळं होतं. आता खांब होता. खांदा त्याला लागला, कळशी सुटली, ओल्या फरशीवर त्या कुशीवर पडल्या.

खुबा मोडला. दवाखान्यात त्यांनी पहिलं विचारलं ते नातवाचं, त्याला लागलं का म्हणून. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, या वयात पुन्हा पहिल्यासारखं चालणं कठीण.

मी त्या संध्याकाळी घरी गेलो तेव्हा अश्विन पुढच्या खोलीत पक्कड घेऊन तारा तोडत होता. पाचर काढायला त्याच्याकडे हातोडी नव्हती, वरवंट्याने ठोकत होता. जयराम भिंतीला टेकून बसलेला.

"राहू दे," जयराम म्हणाला.

"कशाला?"

"माप बरोबर आहे."

"माप बरोबर आहे, बाबा." त्याने पाचर काढली, बांबू कलले, मी धरले. "काका, तिकडून धरा."

आम्ही चारही काढले. बांबूंची दोन-दोन टोकं धरून बाहेर नेले आणि गल्लीत भिंतीला लावून ठेवले. स्नेहाने फरशी पुसली. खडूच्या रेषा आधीच पुसट झाल्या होत्या, त्या गेल्या. जयराम उठला नाही. अश्विन हात धुऊन त्याच्यासमोर बसला आणि म्हणाला, "मी मास्तरांना फोन केला. घोटीला खोली मिळतेय. दार आहे."

जयरामने विचारलं, "पाणी किती वेळ येतं तिथे?"

"माहीत नाही. विचारतो."

"विचार."

लग्न पुढे ढकललं नाही. यशोदाबाईंना खुर्चीत बसवून लग्नाच्या हॉलमध्ये आणलं. वंदना, त्रिशरण, हार, जेवण, एवढंच. अश्विन आणि रोहिणी घोटीला राहायला गेले.

यशोदाबाईंना खाली झोपता येत नाही. खाट घ्यावी लागली. आठ माणसांत खाट कुठे मावली असती, हा प्रश्न पडलाच नाही. अश्विनची पथारी जिथे पडायची तिथे ती बसली. सगळं स्नेहा करते. उचलणं, पुसणं, कूस बदलणं. मोठं माणूस उचलणं सोपं नसतं, कंबर जाते. ती सकाळी पोळ्या करताना ओट्याला हात टेकून उभी राहते. धम्मपाल आता पाय लांब करून झोपतो. मे महिना आला आणि गेला. जयराम गच्चीवर गेला नाही. सळयांवर पहिल्याच पावसात लाली आली. मी एकदा म्हटलं, निदान सिमेंटचं पाणी मारून ठेवू. तो म्हणाला, "ठेवून?"

रविवारी अश्विन आणि रोहिणी येतात. रोहिणी सासूची मलमपट्टी बघते, पाठीला जखम होऊ नये म्हणून स्नेहाला काही काही दाखवते. जेवण होतं. मागच्या रविवारी मीही होतो. दुपार कलली तशी यशोदाबाईंनी खाटेवरून रोहिणीचा हात धरला. "आज मुक्काम करा. सकाळी इथूनच जा कामाला."

रोहिणी अश्विनकडे बघायला लागली. अश्विन फरशीकडे. स्नेहा भांडी घासायची थांबली. सगळे मनातल्या मनात पथाऱ्या घालून पाहत होते. खाट, तिच्या बाजूला मोठा नातू, मग जयराम, मग दरवाजा.

जयराम म्हणाला, "घोटीची गाडी चुकेल त्यांची."

"चुकली तर चुकली," यशोदाबाई म्हणाल्या.

"नंतरची गर्दीची असते. उभं राहून जावं लागतं."

तो उठला. दारात सगळ्यांच्या चपलांचा ढीग होता. त्याने त्यातून दोघांच्या शोधून काढल्या आणि बाहेरच्या पायरीवर, गल्लीकडे तोंड करून, जोडीने लावून ठेवल्या.